उतार

तीन महिने मी उतार बघून गाडी लावत होतो.
वडाळ्याचं टर्मिनल सपाट, म्हणून तिथं नाही.
शिवडीच्या पुलाची कड,
कॉटन ग्रीनच्या गोदामामागचा तो हातभर ढाळ.
मुंबईत एवढे चढउतार आहेत
हे चावीला गाडी उठत होती तोवर
कधी ध्यानातच आलं नव्हतं.
जेवण उताराला, झोप उताराला,
पुढच्या चाकाखाली दगड
आणि उशाला तो दगड पहाटे काढायची काळजी.

चावी फिरवली की टक्.
पुन्हा टक्.
मग एक लांब कण्हणं, अर्धा फेरा,
आणि डॅशबोर्डचे दिवे बारीक होत होत
माझ्याकडे बघत राहायचे.

मालकानं दोन्ही बॅटऱ्या बदलल्या.
सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, चढवला.
कुणी म्हणालं, डिझेलमध्ये हवा धरलीय.
हातपंप मारून मारून मारुत्याच्या तळव्याला फोड.
कुणी म्हणालं नोझल.
कुणी म्हणालं नजर.
लिंबूही बदललं.

ससून डॉकच्या सपाट सिमेंटवर एकदा
रिकामी गाडी अडली, मागं आठ गाड्या,
तेव्हा हमालांबरोबर पाच कोळणींनी पाट्या खाली ठेवून
धक्का दिला.
एक म्हणाली, ड्रायव्हरदादा, हिला कांजी पाज.

दस्तगीर उस्तादनं बॅटरीला हातही लावला नाही.
मीटरची लाल काडी इंजिनाच्या ओतीव अंगाला,
काळी बॅटरीच्या उणे खुंटीला.
मार सेल्फ.
तीन पूर्णांक सहा.
इथं शून्य पाहिजे रेवण, अर्ध्यापर्यंत मी चालवून घेतो.
चोवीसातले साडेतीन
वाटेतच कुणीतरी खातंय.

मला टोलनाके आठवले.

वीज निघते कुठनं ते सगळे बघतात, तो म्हणाला,
परत कुठनं येते ते कोण बघतं?
चेसिसवरनं, इंजिनावरनं,
ह्या काळ्या केबलीतनं ती घरी येते.
मारुत्याला चावीवर बसव,
आणि तू केबलीवरनं हात फिरव.
माझी बोटं साखरेनं खाल्लीत.
परवा निखारा धरला, वासावरनं कळलं.

मारुत्यानं चावी धरली.
गार. गार. जिवाच्या मानानं गार.
क्लॅम्पच्या अलीकडं वीतभर
एकदम ऊन लागलं,
ताप भरलेल्या पोरीच्या कानामागं लागतं तसं.
कुठं?
मी त्याचं बोट धरून तिथं टेकवलं.
त्यानं मान हलवली, हां, इथंच.
त्याला काही लागलं नव्हतं,
ते मलाही समजलं
आणि मला समजलं हे त्यालाही.

वरचं रबर नव्यासारखं काळंभोर.
ब्लेडनं चिरलं तर आत हिरवी भुकटी,
तांब्याच्या तारा सुतरफेणीसारख्या
चिमटीत चुरत होत्या.
शंभरातल्या दहाएक शाबूत असतील,
त्या दहा रोज पहाटे
आख्खं इंजिन उचलायला बघत होत्या.
फळ्यांच्या फटीतनं बर्फाचं पाणी,
बोंबील-बांगड्याचं खारं पाणी
वर्षभर नेमकं तिथंच ठिबकत होतं.
माझाच माल.

नवी जाड केबल, दाबून बसवलेले लग.
चेसिसवरचा रंग त्यानं पॉलिश पेपरनं घासला
लोखंड चमकेपर्यंत,
नट आवळायला मला दिला,
वरून ग्रीस.
केबलीचे अकराशे, म्हणाला,
शोधायचे दोनशे, पण हात तुझा होता,
ते वजा.

पहिल्या अर्ध्या फेऱ्यात उठली.
मारुत्यानं उगाच दोनदा बंद करून
दोनदा चालू केली.

त्या रात्री गाडी टर्मिनलमध्ये लावली,
ताटासारख्या सपाट जागेवर.
झोप लागेना.
तीन महिने पायाकडं सरकत झोपलेलं अंग
आता सारखं डोक्याकडं घसरतंय असं वाटायचं.
दोनच्या सुमाराला खाली उतरलो, बघतो तर
मारुत्यानं चाकाखाली
दगड लावलेला.